कॅप्टनच्या खुर्चीत सासूबाई

मिस्त्रींच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, त्याच वर्षी त्यांना चष्मा लागला आणि त्याच वर्षी जहाज फुटलं. तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. संबंध होता. तो उलगडायला लागला तेव्हा मिस्त्रींच्या घरात मालिकेच्या दिग्दर्शिकाबाई उभ्या होत्या, जहाजाचा कॅप्टन उभा होता, मिस्त्री तर उभे होतेच, आणि बसलेल्या फक्त सासूबाई होत्या.

मिस्त्री सुतार होते. शहराच्या टोकाला टीव्हीच्या मालिका बनवणारी एक मोठी पत्र्याची शेड होती, तिथे ते घरं उभी करत आणि मोडत. फळीची एक बाजू कोर्ट, दुसरी बाजू हॉस्पिटल. सोमवारी ज्या दारातून वकील आत गेला, त्याच दारातून गुरुवारी स्ट्रेचर बाहेर यायचं. काम झपाट्याचं होतं आणि मिस्त्रींचा हात त्याहून झपाट्याचा होता. त्यांचा एकच अभिमान होता, आणि तो ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. त्यांनी जन्मात पाणसळ वापरली नव्हती. पाणसळ म्हणजे सपाटी बघायची ती पट्टी, जिच्यातल्या काचेच्या नळीत बुडबुडा असतो.

"बुडबुड्याला विचारून काम करायचं, तर मग मला कशाला बोलावलं?" असं ते म्हणत. "माझा डोळा हीच माझी पाणसळ."

शेडमध्ये हे सगळ्यांना मान्य होतं, कारण तिथलं कुठलंच घर महिन्यापेक्षा जास्त उभं राहत नसे. मान्य नव्हतं ते जगात एकाच व्यक्तीला, आणि ती व्यक्ती मिस्त्रींच्या बायकोची आई होती.

ही गोष्ट जुनी. मिस्त्रींच्या स्वतःच्या लग्नात, होणाऱ्या सासूवर छाप पडावी म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने एक खुर्ची बनवून नेली होती. पाठीला नक्षी, हाताला पॉलिश. सगळ्या पाहुण्यांसमोर त्यांनी ती पुढे ठेवली आणि सासूबाईंना बसायला सांगितलं. सासूबाई बसल्या. खुर्ची क्षणभर विचारात पडली, मग डावीकडे कलली, आणि सासूबाईंना घेऊन आडवी झाली. पाहुण्यांतले काही धावले, काही हसले, आणि नवरामुलगा म्हणाला की खुर्चीत काही दोष नाही, इथली जमीनच वाकडी आहे.

"नाचता येईना अंगण वाकडं," सासूबाई जमिनीवरूनच म्हणाल्या.

तेव्हापासून त्यांची कंबर डावीकडे जराशी झुकली ती झुकलीच. आणि तेव्हापासून त्या जावयाने बनवलेल्या कुठल्याही वस्तूवर बसल्या नाहीत. लेकीकडे आल्या की उभ्या राहत, नाहीतर खाली सतरंजीवर बसत. पुढे मुलाची बदली लांब झाली आणि त्या कायमच्या लेकीकडे राहायला आल्या, तेव्हा येताना स्वतःची पत्र्याची पेटी घेऊन आल्या. कपडे असतील असं सगळ्यांना वाटलं. पेटी रिकामी होती. ती बसायला होती.

आता सुताराचं घर म्हटल्यावर काय नव्हतं? चार खुर्च्या, दोन बाकं, एक आरामखुर्ची, एक झुलती खुर्ची. या सगळ्याच्या मधोमध पत्र्याची पेटी, आणि पेटीवर सासूबाई. कुणी पाहुणा आला की आधी पेटीकडे बघायचा, मग मिस्त्रींकडे. मिस्त्री खिडकीबाहेर बघायचे. सासू-जावयाचं बोलणं व्यवस्थित होतं, आवाज कधी चढला नाही. त्या त्यांना "जावईबापू" म्हणत आणि ते त्यांना "आई" म्हणत. पण माणसाला रोज संध्याकाळी घरी आल्यावर आपली उभी हयात पत्र्याच्या पेटीखाली दाबलेली दिसत असेल, तर त्याला काय वाटत असेल ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

त्या वर्षाच्या सुरुवातीला शेडमध्ये जहाज बांधायचं काम आलं. पाण्यातलं नव्हे, अवकाशातलं. मालिका अशी होती की हे जहाज ताऱ्याताऱ्यांमधून घरचा रस्ता शोधत फिरतं, आणि त्यावर सात माणसं असतात. डॉक्टरीण, यंत्रवाला, नकाशेवाली, रोबो असे सहा, आणि सातवा कॅप्टन. त्यात नायक एक नव्हता, सातही जण नायक होते. हे मिस्त्रींना पटलं नाही, कारण सात नायक म्हणजे सात खुर्च्या. सगळ्यात उंच आणि मधली खुर्ची कॅप्टनची. दिग्दर्शिकाबाईंनी तिचं चित्र दिलं होतं. मिस्त्रींनी ते एकदा पाहिलं, खिशात घातलं, आणि खुर्ची डोळ्यांनी बनवली.

मालिका चालली, आणि अशी चालली की तिच्या वेळेला रस्त्यावर रिक्षा मिळेना. लोकांना सातही जण आवडत, पण कॅप्टनची बसण्याची ढब विशेष गाजली. मोठं संकट आलं की तो खुर्चीत हळूच डावीकडे झुकायचा, मुठीवर हनुवटी टेकायचा, आणि बराच वेळ काही बोलायचा नाही. घरोघरी पोरं तशी बसू लागली. एका टीकाकाराने पेपरात लिहिलं की या माणसाच्या एकाच खांद्यावर साऱ्या जबाबदारीचं ओझं दिसतं, हा अभिनय शिकवून येत नाही. कॅप्टनने ते कात्रण पाकिटात ठेवलं.

जहाज बांधून झालं आणि थोरलीचं लग्न ठरलं. दोन्ही घरच्या पहिल्या भेटीत मिस्त्रींनी व्याह्यांना कडकडून मिठी मारली, आणि ते व्याही नसून त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर निघाला. थोरलीने दुसऱ्याच दिवशी वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. लग्नाच्या सगळ्या फोटोंत मिस्त्री जाड काळ्या काड्यांचा चष्मा लावून उभे आहेत आणि प्रत्येक फोटोत, बायकोला बऱ्याच वर्षांनी नीट पाहत असल्यासारखे, तिच्याकडेच बघत आहेत.

मग मालिकेचा शेवट आला. जहाज एका सूर्याच्या फार जवळ गेलं आणि फुटलं. सातही जण मेले. मिस्त्रींनी ते स्वतः पाहिलं, कारण फुटण्याआधी हलणाऱ्या भिंतीला मागून धक्के तेच देत होते. मेल्यावर सातही जणांनी चहा घेतला, एकमेकांच्या गळ्यात पडून रडले, आणि घरी गेले.

शेडचा रिवाज असा, की ज्याची गोष्ट संपली तो सेट मोडीत, आणि मोडीतलं लाकूड सुताराचं. गोष्ट संपली की नाही यावर कधी कधी वाद व्हायचा. इथे वादाला जागाच नव्हती. माणसं मेलेली, जहाजाची राख झालेली. मिस्त्रींनी बाकी सगळं मोडलं, पण कॅप्टनची खुर्ची मोडायला त्यांचं मन धजेना. ती त्यांनी तशीच टेम्पोत घालून घरी आणली, खिडकीपाशी ठेवली, आणि आयुष्यात प्रथमच आपल्या कामाचं श्रेय दुसऱ्याला दिलं.

"आई, ही कंपनीची आहे," ते म्हणाले. "तयार आली होती. मी फक्त उचलून आणली."

दोन-तीन दिवस सासूबाई खुर्चीच्या आजूबाजूने, अनोळखी कुत्र्याच्या बाजूने जावं तशा जात-येत राहिल्या. मग एका दुपारी मिस्त्री घरी आले तर पेटी रिकामी. सासूबाई खुर्चीत होत्या. डावीकडे झुकलेल्या, मुठीवर हनुवटी, डोळे मिटलेले. कमरेच्या दुखण्यापायी ज्या बाईला दुपारची झोप ठाऊक नव्हती, ती घोरत होती.

जाग आल्यावर त्यांनी खुर्चीच्या हातावरून हात फिरवला. "बनवणाऱ्याने बनवली आहे," त्या म्हणाल्या. "जावईबापू, जरा बघून ठेवा."

मिस्त्री मागच्या खोलीत गेले आणि दोन भांडी पाणी प्यायले. बायकोने विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही. पण त्या दिवसापासून ते घरी लवकर येऊ लागले. आल्यावर चहा घेत समोर बसायचे आणि खुर्चीकडे बघायचे. सासूबाईंनी कंपनीची तारीफ केली की खाली मान घालून ऐकायचे. चोरून ऐकायची का होईना, तारीफ होती.

आणि अशा सुखात दिग्दर्शिकाबाईंचा फोन आला. मालिकेचा दुसरा सीझन निघणार होता.

मिस्त्रींनी आठवण करून दिली की माणसं मेली आहेत. बाई म्हणाल्या, मेली होती. लेखकाने तोड काढली होती: सूर्याने गिळायच्या आधल्या क्षणी जहाज काळातून निसटलं, मागे गेलं, आणि सातही जण आपापल्या खुर्चीत जागे झाले. मिस्त्रींना यातलं एवढंच कळलं की लेखकाकडे मेलेल्यांना उठवायचा परवाना असतो. भिंती नव्या करता येतील, बाई म्हणाल्या, रंग नवा देता येईल, काळातून आलेलं जहाज थोडं वेगळं दिसलं तरी चालेल. पण कॅप्टनची खुर्ची तीच हवी, लोक तिला ओळखतात. ती आहे ना?

"आहे की," मिस्त्री म्हणाले. "आत्ता माझ्या डोळ्यांसमोर आहे."

डोळ्यांसमोर सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या.

मिस्त्री घाबरले नाहीत. एक खुर्ची ज्याने केली त्याला दुसरी करायला काय लागतं? खिशातलं जुनं चित्र काढलं, चष्मा नाकावर नीट बसवला, आणि त्यांनी हुबेहूब दुसरी खुर्ची बनवली. तेच लाकूड, तोच रंग, हातावर तोच खोटा लाल दिवा. नवी घरात आणि जुनी शेडमध्ये, असा बेत होता. सासूबाई आंघोळीला गेल्या तेव्हा त्यांनी जुनी खुर्ची मागच्या खोलीत नेऊन चादरीखाली झाकली आणि नवी खिडकीपाशी ठेवली.

सासूबाई आल्या, बसल्या, आणि उठल्या.

"ही ती नाही."

मिस्त्री म्हणाले तीच आहे. सासूबाई म्हणाल्या की हिच्यात बसलं की परक्या घरी पाहुणी गेल्यासारखं वाटतं, पाठ ताठ करून बसावं लागतं. कंपनीने जुनी नेऊन काहीतरी भलतंच पाठवलेलं दिसतंय, ते परत करा आणि माझी आणा. एवढं बोलून त्या पेटीवर जाऊन बसल्या. इतक्या दिवसांनी पेटीचा पत्रा वाजला. मिस्त्रींनी नवी खुर्ची बाहेर नेली, थोडा वेळ अंगणात काढला, आणि मागच्या दाराने येऊन जुनी पुढे आणली. सासूबाईंनी बसून पाहिलं आणि म्हणाल्या, कंपनी असावी तर अशी, बदलून द्यायला पाव तास नाही लागला.

तेव्हा नवीच खुर्ची शेडमध्ये गेली. सासूबाईंना कळलं म्हणून काय झालं, कॅमेऱ्याला कुठे कंबर असते, असं मिस्त्रींनी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या सीझनचा पहिला दिवस. सात जण पोशाख घालून आले, आपापल्या जागी बसले. कॅप्टन मधल्या खुर्चीत बसला, तो शाळेच्या ग्रुप फोटोत बसतात तसा. दिग्दर्शिकाबाईंनी विचारलं, असा का बसलायस? तो म्हणाला, नेहमीसारखाच बसलोय. त्याला खरंच तसं वाटत होतं. पण पूर्वी तो डावीकडे झुकायचा तेव्हा मागे बसलेल्या यंत्रवाल्याचा चेहरा दिसायचा, आता कॅप्टनच्या ताठ डोक्याने तो पुरता झाकला गेला. यंत्रवाला म्हणाला की सातही जण सारखे हे ठरलेलं आहे, मला नुसते कान दाखवून चालणार नाही. त्याला उजवीकडे सरकवलं, तर डॉक्टरीणबाई नकाशेवालीच्या मागे गेल्या. त्यांना पुढे आणलं, तर रोबो झालेल्या नटाची वाट अडली. त्याला पत्र्याच्या डोक्यातून एका फटीपुरतंच दिसायचं. तो बिचारा पाठ केलेल्या पावलांवर चालत आला आणि डॉक्टरीणबाईंच्या मांडीवर बसला.

पहिल्या सीझनभर खांद्याला खांदा लावून शत्रूशी लढलेले सात जण, दुसऱ्या सीझनच्या पहिल्या दुपारी एकमेकांशी बोलेनासे झाले.

बाई म्हणाल्या, मुद्दाम झुक. कॅप्टन मुद्दाम झुकला, तर दाढ दुखत असल्यासारखा दिसला. मिस्त्री म्हणाले, थांबा, मी करतो. करवत आणली आणि खुर्चीचा डावा पाय बोटभर कापला. आता कॅप्टन छान झुकला. कॅमेरा सुरू झाला. "आपण सगळे एकदा मेलो आहोत," तो धीरगंभीर आवाजात म्हणाला. "आता आपल्याला या जागेवरून कोणीही हलवू शकत नाही." आणि तो निघाला. उतारावर ठेवलेली वाटी निघावी तसा, सावकाश, शेवटपर्यंत चेहऱ्यावरचा करारीपणा न सोडता, तो खुर्चीच्या कडेने दिसेनासा झाला.

त्यानंतर मिस्त्रींना सांगावंच लागलं की ही नवी आहे, जुनी घरी आहे. बाई शांतपणे म्हणाल्या की उद्या सकाळी जुनी इथे आली नाही, तर उरलेलं जहाज दुसरा सुतार बांधेल.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. मिस्त्रींनी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. बायको म्हणाली यात काय अवघड आहे, आईला एवढंच सांगा की खुर्ची तुम्ही बनवली आहे, टुणकन उठेल. हे अगदी खरं होतं. पण तोच तर घोर होता. नोकरीसाठी खुर्ची सोडवायची, तर सासूबाई पुन्हा पेटीवर जाणार, आणि मग परत कधी या घरातल्या कशावर बसणार नाहीत. मिस्त्री दोनदा पुढच्या खोलीत गेले आणि दोन्ही वेळा पंखा कमी करून परत आले.

सकाळी ते रिकाम्या हाताने शेडमध्ये गेले. बाईंनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं की सासूबाई फार आजारी आहेत, उठवता येत नाही. झालं. दिग्दर्शिकाबाईंना वाईट वाटलं. आजारी माणसाची चौकशीही होईल आणि खुर्चीचंही बोलता येईल, म्हणून त्या स्वतः निघाल्या. कॅप्टनला सोबत घेतलं, त्याला पाहून म्हातारीला बरं वाटेल म्हणून. तोही पोशाखातच होता. मागून टेम्पो.

घरात शिरल्याबरोबर कॅप्टन दारातच थांबला. समोर खिडकीपाशी त्याची खुर्ची होती, आणि तिच्यात एक म्हातारी डावीकडे झुकून, मुठीवर हनुवटी टेकून, त्याच्याकडे बघत होती. आरशात बघावं आणि आरशाचं वय व्हावं तसं त्याला झालं.

"तुम्ही गेलात ना?" सासूबाईंनी विचारलं. मालिका त्यांनी एकही दिवस चुकवली नव्हती.

"गेलो होतो. परत आलो."

"कसे?"

कॅप्टनने दिग्दर्शिकाबाईंकडे पाहिलं. "वेळ मागे गेली, आजी."

"आणि बाकीचे?"

"बाकीचेही आले. सातही."

"सगळे कशाला आणले?" सासूबाई म्हणाल्या. "डॉक्टरीण चांगली होती, ती यायला हरकत नव्हती." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आमच्याकडे ही सोय नाही. आमचे हे गेले ते गेलेच."

दिग्दर्शिकाबाईंनी तब्येतीची चौकशी केली. तब्येतीला काय धाड भरली आहे, असं सासूबाईंनी विचारलं. बाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं, मिस्त्रींनी खिडकीबाहेर. मग बाईंनी गोड शब्दांत खुर्ची मागितली, बदल्यात याहून भारी देऊ म्हणाल्या.

"ही कंपनीची आहे," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही कंपनीकडून दुसरी घ्या."

"कुठल्या कंपनीची?"

आता सगळेच मिस्त्रींकडे बघू लागले. बायकोने मागून कोपर मारलं. मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आई," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "ही मी बनवली आहे."

आता त्या उठतील म्हणून टेम्पोवाला पुढेही झाला. सासूबाई हलल्या नाहीत.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"बसले तेव्हापासून. बसल्याबरोबर डावीकडे गेले. मला डावीकडे नेणारी खुर्ची आयुष्यात दोनदाच भेटली, जावईबापू."

"मग उठला का नाहीत?"

"उठू कशाला? पहिलीने कंबर वाकडी केली, हिने वाकड्या कमरेला जागा दिली. फिट्टंफाट."

इथे दुसरा कुणी असता तर त्याचे डोळे भरून आले असते. मिस्त्री सुतार होते. त्यांना सगळ्या बोलण्यातला एकच शब्द लागला.

"वाकडी?" ते म्हणाले. "माझी खुर्ची वाकडी? जमीन वाकडी असेल."

दिग्दर्शिकाबाईंनी टेम्पोतून पाणसळ मागवली. ती आली. सासूबाईंनी पाहुण्याला वाट द्यावी तसा हात उचलला, आणि बाईंनी पट्टी खुर्चीच्या हातावर ठेवली. बुडबुडा सरळ एका कोपऱ्यात जाऊन बसला. बैठकीच्या पुढच्या कडेवर ठेवली, तिथेही तेच. मागून पाठीला लावली, तर पाठ उलटीकडे झुकलेली. बैठक डावीकडे, पाठ उजवीकडे, हात खाली. दोन दारुडे एकमेकांना धरून घरी जातात, तसे ते सगळे भाग एकमेकांना सांभाळून उभे होते. मग पट्टी जमिनीवर ठेवली. बुडबुडा मधोमध आला आणि हललाच नाही.

कॅप्टनने खाली वाकून बुडबुडा पाहिला.

"म्हणजे तो माझा अभिनय नव्हता?" तो म्हणाला. "पेपरात आलं होतं."

मिस्त्रींच्या बायकोने चहा पुढे केला.

सासूबाईंना उठवायची हिंमत काही दिग्दर्शिकाबाईंना झाली नाही. त्यांनी मिस्त्रींना सांगितलं की अशीच वाकडी दुसरी बनवा, दोन दिवस देते. मिस्त्रींनी मापं घेतली आणि शेडमध्ये जाऊन कामाला लागले. पण मापाने केलेली वाकडी खुर्ची वाकडीच दिसायची, तिच्यात बसलेला माणूसही बळेच बसवल्यासारखा दिसायचा. आणि मापं सोडून, पूर्वीसारखी नुसत्या डोळ्यांनी करायला घेतली, तर सरळ व्हायची. पहिली सरळ झाली. दुसरी त्याहून सरळ झाली. ज्या माणसाला हयातभर सरळ जमलं नाही, त्याला आता वाकडं जमेना. पाणसळ लावावी, तर बुडबुडा मधोमध, जणू चिडवायला बसलेला.

संध्याकाळी ते घरी आले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. सासूबाई खुर्चीतून त्यांच्याकडे बघत होत्या.

"नाकावर काय आहे ते?"

"चष्मा."

"ही केलीत तेव्हा होता?"

मिस्त्रींनी मान वर केली.

"काखेत कळसा," सासूबाई म्हणाल्या. "काढा तो आणि करा. आणि मध्ये कुणाला काही विचारू नका, तुम्हाला सवय नाही."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चष्मा डब्यात ठेवला आणि दुपारपर्यंत खुर्ची उभी केली. कॅप्टन बसला. सगळी शेड बघत होती. आधी काही झालं नाही. मग तो हळूहळू, स्वतःच्याही नकळत, डावीकडे झुकला, त्याची मूठ आपोआप हनुवटीखाली गेली, आणि मागून यंत्रवाल्याचा चेहरा सूर्य उगवावा तसा वर आला. डॉक्टरीणबाई आपल्या जागी गेल्या, रोबोला त्याची वाट मिळाली. सात जण पुन्हा एकमेकांशी बोलू लागले.

दिग्दर्शिकाबाईंनी त्याच क्षणी हुकूम काढला की सीझन संपेपर्यंत मिस्त्रींनी शेडमध्ये चष्मा लावायचा नाही. त्यामुळे दुसऱ्या सीझनचं सबंध जहाज, दारं, जिने, खिडक्यांसकट, डावीकडे कललेलं निघालं. त्याच टीकाकाराने लिहिलं की काळातून मागे येताना जहाजाला आलेला हा सूक्ष्म पीळ म्हणजे कलादिग्दर्शनाची कमाल आहे. मिस्त्रींनी ते कात्रण पाकिटात ठेवलं. कॅप्टनने आपलं काढून टाकलं होतं, म्हणतात.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी जहाज पुन्हा फुटलं आणि सातही जण पुन्हा मेले. सगळं घर टीव्हीसमोर बसलं होतं. सासूबाईंनी खुर्चीतून पाहिलं आणि म्हणाल्या, येतील परत, त्यांना सवय आहे. पण तिसरा सीझन काही निघाला नाही. चॅनेलने दुसरं काहीतरी सुरू केलं, शेडमध्ये पुन्हा कोर्ट आणि हॉस्पिटल उभं राहिलं, आणि ते सात जण अजून मेलेलेच आहेत.

पुढे घरातल्या खुर्चीचा डावा पाय ढिला झाला. मिस्त्री म्हणाले, नेऊन नीट करून आणतो, तोवर पेटीवर बसा. सासूबाईंनी विचारलं, कंपनी उशीर तर लावणार नाही ना? मिस्त्री म्हणाले, नाही लावणार. त्यांनी खुर्ची शेडमध्ये नेली, चष्मा डब्यात ठेवला, आणि फार सरळ होऊ नये म्हणून जपून काम केलं.

खुर्ची मंगळवारी संध्याकाळी तयार व्हायची होती. सासूबाई त्याच मंगळवारी सकाळी, थोरलीच्या मुलीला पहिला दात आला त्या महिन्यात, चहा घेऊन झाल्यावर, पेटीवर बसलेल्या असताना वारल्या.